वरच्या बाईंची लबाडी

आमच्या इंदिरानगरात, इंदिरानगरात कशाला, अख्ख्या नाशकात आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंइतकी लबाड बाई सापडायची नाही. आणि मी त्यांच्यावर जळते. उगाच खोटं कशाला बोलू?

वय सत्तरीच्या पुढे, जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, पण पत्त्यांत धडधडीत चोरी करतात. बदाम सात खेळताना हातात अठ्ठी असून "पास" म्हणतात, राणी मांडीखाली दडवतात, आणि पकडलं तर वर "तुझे डोळे तपासून घे!" म्हणून ओरडतात. सोसायटीतली पोरं रोज संध्याकाळी त्यांच्याकडे. मोबाईल ठेवा, असं बाई कध्धी सांगत नाहीत. गरजच काय? पोरानं खाली बघितलं की यांनी पान पळवलंच!

त्या पोरांत आमची नातही, पंधरा वर्षांची. माझ्यासमोर जेवताना डोकं मोबाईलमध्ये. "हं", "नको", "आजी, थांब ना" एवढंच. वर गेली की जिन्यात ऐकू येतं, "वरची आजी चीटर आहे!" वरची आजी! मग मी कोण, खालची? मीही एकदा पत्ते काढले. अगदी प्रामाणिकपणे खेळले. तिसऱ्या डावाला पोरीनं मोबाईल उचलला. तक्रार तरी कुणाकडे करू? लहानपणी घास भरवायला मोबाईल तिच्यापुढे मीच धरायची.

परवा बाई जिन्यात भेटल्या. "पोर क्लासला जायचं का टाळते, माहितीये?" मला वाटायचं, पोट दुखतं. तर कुणीतरी तिच्या फोटोला डुकराचं नाक लावून तो क्लासच्या ग्रुपवर फिरवला होता, आणि पोर आठवडाभर त्याखालचं हसणं वाचत बसली होती. "तिच्या आईच्या कानावर घातलंय मी," बाई म्हणाल्या.

पोरीसाठी जीव तुटला हो, पण खरं सांगते, त्याआधी मी जळलेच. हिला सांगितलं, मला नाही!

"असं काय विचारलंत तुम्ही तिला?"

"काही नाही. मी पानं पिसत होते. तिला वाटलं, माझं लक्षच नाही. तुम्ही डोळ्यांत पाणी आणून तिच्या तोंडाकडे बघत बसला असतात."

लबाड ती लबाडच.

संध्याकाळी मी घोटीहून आलेले तांदूळ निवडायला घेतले. नात शेजारी येऊन बसली, मोबाईल मांडीवर पालथा. एक खडा उचलून म्हणाली, "आजी, तुला कळलं ना?"

"काय गं? ताटात बघ, खडे राहतील."

मग ती बोलायला लागली, अडखळत. मी मान वर केली नाही. तांदूळ केव्हाच निवडून झाले होते. मी आपली पुन्हा पहिल्यापासून निवडत राहिले.