टायरवाल्या वहिनींचा प्रश्न

आमचे हे पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर होते. छत्तीस वर्षं नळांमधला दाब मोजण्यात गेली. त्यामुळे निवृत्तीनंतर आम्ही जुनं मोटारहोम घेतलं, तेव्हा टायरमधल्या हवेबद्दल दुसऱ्या कोणी आपल्याला शिकवावं हे त्यांच्या गळी उतरणं कठीणच होतं. शिकवणारी बाई असेल तर आणखीच कठीण.

गाडी मोठी होती. आत दोन पलंग, बाथरूम, आणि ओटा एवढासा की एक पातेलं ठेवलं की दुसरं हातात धरून उभं राहायचं. पुढे दोन चाकं, मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं, अशी एकूण सहा. गाडी ज्याच्याकडून घेतली तो म्हणाला होता, बाकी काही नको, पण टायरची हवा सतत दाखवणारं यंत्र तेवढं बसवून घ्या. जोडचाकातलं एक बसलं तरी दुसरं भार उचलून धरतं आणि बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. त्यासाठी त्यानेच मोठ्या रस्त्यावरच्या एका टायरच्या दुकानाचा पत्ता दिला. म्हणाला, तिथे वहिनी आहेत, त्यांना विचारा.

वहिनी म्हणजे पन्नाशीच्या, काटक, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या. दुकानात त्यांचा धाकटा दीर काम करायचा. तो वहिनी म्हणायचा म्हणून ट्रकवाले, शेजारचे, सगळेच त्यांना वहिनी म्हणत. यंत्र निवडायला आम्ही अर्धा तास धरून गेलो होतो. अख्खी सकाळ गेली.

आधी त्यांनी आम्हाला वजनकाट्यावरच पिटाळलं. पाण्याची टाकी भरा, कपडे, भांडीकुंडी, नेहमी नेता ते सगळं सामान भरा आणि वजन करून या, म्हणाल्या. गाडीवर छापलेला आकडा रिकाम्या गाडीचा असतो, आणि रिकाम्या गाडीतून कोणी फिरत नाही. ह्यांनी तोंड वाकडं केलं, पण गेलो. वजन केलं तर मागचा डावा भाग चांगलाच जड निघाला. टाकी त्याच बाजूला होती आणि ह्यांची अवजारांची पेटीही. त्या वजनावरून वहिनींनी तक्ता काढून प्रत्येक चाकाचा दाब ठरवला. मागच्यांचा ऐंशी. तो सकाळी, गाडी हलवायच्या आधी मोजायचा. चाललेल्या टायरची हवा तापून फुगते, तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

मग टेबलावर सेन्सर मांडले. एक प्रकार टायरच्या आत बसणारा. चोरीची भीती नाही, पण बॅटरी संपली की टायर उतरवायचा. दुसरा व्हॉल्व्हवर टोपीसारखा फिरवून लावायचा. वहिनी म्हणाल्या, तुम्हाला टोपीचाच बरा, बॅटरी घरच्या घरी बदलता येईल. पण मग रबरी व्हॉल्व्ह काढून धातूचे घाला. टोपीच्या वजनाने रबर हिंदकळतं आणि मुळाशी चिरतं. हवा राखायला बसवलेली वस्तूच हवा घालवते. गाडी लांब, म्हणून मागच्या चाकांचा निरोप पुढे पोचवणारा एक छोटा डबा मध्यावर बसवायचा हेही त्यांनीच सुचवलं. इथवर ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर त्यांना आवडायलाही लागलं होतं. बाई हिशेबात पक्की आहे, असं माझ्या कानात म्हणालेसुद्धा.

गाडं अडलं ते ड्रायव्हरसमोर बसवायच्या, आकडे दाखवणाऱ्या पडद्यावर. दोन होते. एकाची शिटी हवा पूर्ववत होईपर्यंत वाजतच राहायची. आवाज कमी करता यायचा, बंद नाही. दुसरा दिसायला देखणा, आकडे ठळक, आणि बाजूला एक बटण. ते दाबलं की गप्प. ह्यांनी तो उचलला. म्हणाले, ती दुसरी शिटी डोकं उठवेल.

"साहेब, डोकं उठवावं म्हणूनच ती आहे," वहिनी म्हणाल्या.

ह्यांनी हसून विषय संपवला. म्हणाले, आयुष्यभर दाबाचे काटे बघितलेत, आम्हाला आकडा वाचता येतो. वहिनींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी पर्सची चेन लावत बसले.

दीर सेन्सर बसवत होता तेव्हा मी अंगणात उभी होते. कोपऱ्यात जाड पाइपचा एक पिंजरा होता, पुरुषभर उंच. हे काय, म्हणून मी सहज विचारलं. तो खाली बघतच सांगत गेला. अकरा वर्षांपूर्वी एक ट्रक आला. ड्रायव्हर म्हणाला, रात्री उभ्या उभ्या हवा उतरली, भरून द्या. दादाने, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने, नळी लावली. टायर खरं तर बसलेल्या हवेवर कुठून तरी लांबून चालवत आणला होता. असा टायर बाहेरून धडधाकट दिसतो, पण बाजूच्या भिंतीतल्या तारा आत तुटलेल्या असतात, आणि नवी हवा शिरली की भिंत चेन उघडावी तशी उसवते. दादा जागच्या जागी गेला. चौकशीत ड्रायव्हर शेवटपर्यंत म्हणत राहिला की गाडी उभीच होती. वहिनी तोवर घरी पडदे शिवायच्या. नातेवाईक म्हणाले दुकान विका. त्यांनी शिलाई मशीन विकलं, पिंजरा करून घेतला आणि हे काम शिकल्या. उतरलेला टायर पिंजऱ्यात घातल्याशिवाय भरायचा नाही, आणि गाडीवाल्याला आधी विचारायचं, अशी किती चालवली?

पुढच्या चार महिन्यांत आमच्या तीन सहली झाल्या. भर दुपारी हवा तापली की पडदा शिटी द्यायचा, हे बटण दाबायचे. एकदा एका सेन्सरची बॅटरी खरंच संपली होती, तेव्हापासून तर ते यंत्रालाच बावळट म्हणायला लागले. माशी हाकलावी तसं त्यांचं बोट बटणाकडे जायचं.

चौथ्या सहलीवरून परत येताना सकाळी दहाच्या सुमारास शिटी वाजली. मागचं डावं, बाहेरचं चाक. आकडा अठ्ठावन्न. मी वाचून दाखवला. ह्यांनी बटण दाबलं. म्हणाले, बॅटरी असेल. थोड्या वेळाने मी पाहिलं तर पंचेचाळीस. मी म्हटलं, थांबून बघू या का? ते म्हणाले, तुला यातलं काही कळतं का? मला कळत नव्हतं, पण आकडा कळत होता. त्यानंतर मी पडद्याकडे बघायचंच सोडलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. कुठे बोलायचं आणि कुठे खिडकीबाहेर बघायचं हे माझ्या अंगवळणी पडलं होतं.

असे आम्ही ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आलो. मग गाडी डावीकडे ओढायला लागली आणि रबर जळाल्याचा वास आला. ह्यांचा चेहरा उतरला. वहिनींचं दुकान चारेक किलोमीटरवर होतं. हळूहळू तिथवर नेली.

दुकानासमोरच्या अंगणात ह्यांनी गाडी थांबवली. वहिनी हात पुसत बाहेर आल्या, चाकापाशी वाकल्या आणि विचारलं, अशी किती चालवली? हे म्हणाले, छे हो, आत्ताच, मागच्या वळणावर शिटी वाजली आणि लगेच इथे आलो. खिळा असेल. मला कळलं ते का खोटं बोलले. ज्या बाईचं ऐकलं नव्हतं तिच्यासमोर त्यांना खाली बघायचं नव्हतं. बस, एवढंच.

वहिनी सरळ उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"ताई, तुम्ही सांगा. आत्ताच का?"

त्यांनी मला वेगळं विचारलं, माझ्या डोळ्यांत बघून विचारलं. पिंजऱ्याची गोष्ट मला ठाऊक होती. आणि मी म्हटलं, "हो, आत्ताच."

माझ्या शब्दावर त्या थोड्या सैल झाल्या. म्हणाल्या, तरी उतरवूनच बघू. दीर म्हणाला, अंगणातली जमीन भुसभुशीत आहे, जॅक बसणार नाही, गाडी शेडमध्ये घेण्यापुरती थोडी हवा भरतो. वहिनींनी मान डोलावली. तो नळी लावून चाकासमोर उकिडवा बसला. मी तोंड उघडलं होतं, हे मला पक्कं आठवतं. "अहो" एवढं म्हटलं. कोणाला म्हटलं, तेही आता सांगता येणार नाही. कॉम्प्रेसरच्या आवाजात ते कोणाला ऐकूही गेलं नसेल.

आधी आतून तटतट आवाज आला, टाके तुटावेत तसा. दिराने तो ओळखला असावा, कारण उठता उठता त्याने तोंड फिरवलं. तेवढ्यानेच जीव वाचला. मग जो धमाका झाला त्याने समोरच्या दुकानाच्या काचा हादरल्या. तो सहा-सात हात लांब पडला होता. उजवा हात मनगटापासून भलतीकडेच वळला होता. वहिनी धावल्या नाहीत. त्या चालत गेल्या, त्याच्याजवळ बसल्या आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. शेजारच्याने गाडी काढली.

इस्पितळात हे बाकावर बसून टायर बनवणाऱ्या कंपनीला दोष देत होते. मी उठले आणि ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभ्या असलेल्या वहिनींकडे गेले. सगळं सांगितलं. दहाची शिटी, अठ्ठावन्न, पंचेचाळीस, बटण, ऐंशी किलोमीटर. त्या दाराकडेच बघत होत्या.

"मला हे तेव्हा सांगितलं असतंत तर मी भावोजींना त्या चाकापाशी फिरकू दिलं नसतं," त्या म्हणाल्या. मग, "त्या ट्रकमध्ये क्लीनर होता. आमचे हे गेले तेव्हा. ड्रायव्हरच्या शब्दाला तोही होच म्हणाला होता."

मी माफी मागितली नाही. तोंडच नव्हतं.

पोलिस जबाब घ्यायला आले तेव्हा ह्यांनी तेच सांगितलं, आत्ताच, वळणावर. मी माझा जबाब वेगळा लिहून दिला आणि सही केली.  घराच्या दारात हे म्हणाले, "अडतीस वर्षांत हे एवढंच करायचं बाकी होतं." मी म्हटलं, "हो."

खटला दीड वर्ष चालला. निष्काळजीपणाबद्दल ह्यांना शिक्षा झाली, वय बघून तुरुंग टळला. मोटारहोम विकलं. मुलगी फोन करते तेव्हा आधी त्यांच्याशी बोलते, मग माझ्याशी, आणि दोन्ही वेळा आवाज वेगळा असतो. आम्ही एकाच घरात राहतो. ते लवकर जेवतात, मी उशिरा. त्यांना रक्तदाबाची गोळी मीच काढून देते. ते घेतात.

दीर वाचला, पण उजव्या कानाने त्याला ऐकू येत नाही आणि त्या हाताची मूठ वळत नाही. टायरच्या कामात मूठ नसली की माणूस उरत नाही. वहिनींनी दोन नवी माणसं ठेवली. दिराला त्यांनी घरी बसू दिलं नाही, सेन्सर जुळवायचं काम दिलं, टेबलाशी बसून, डाव्या हाताने.

गेल्या महिन्यात मी बसने तिथे गेले. का गेले ते मलाही नीट माहीत नाही. दिराने एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पान्यावर लक्ष घातलं. वहिनी एका बसवाल्याशी बोलत होत्या. त्यांनी मला ओळखलं. आतून एक स्टूल आणून सावलीत ठेवलं, बसा म्हणाल्या आणि परत कामाला गेल्या. पाणीही विचारलं नाही, जा असंही म्हटलं नाही. परतीची बस यायला तासभर होता. तोवर मी तिथे बसून राहिले.