कुलथेबाईंचं जुनं रक्त

कुलथेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या आमच्या प्रयोगशाळेच्या गेटवर जेवणाच्या डब्याचा ताप मोजून घेत होत्या. चंदीगडमधला करोनाचा तो पहिला उन्हाळा. गार्ड येईल त्याच्या कपाळावर ताप मोजायचं पिस्तूल रोखायचा आणि आत सोडायचा. बाईंनी त्याला आधी गरम डब्यावर पिस्तूल धरायला लावलं, मग थंडगार बाटलीवर. दोन्हींचा आकडा एकच आला. "देखो भैया," बाई म्हणाल्या, "इसके हिसाब से मैं, डब्बा और बाटली, तीनों तंदुरुस्त!" मागे रांग खोळंबली होती, आणि त्या रांगेत नोकरीच्या पहिल्याच दिवशी उशीर झालेली मी होते.

बाई माझ्या वरिष्ठ निघाल्या. त्या बदलीवर इथे आल्या त्याला वीस वर्षं झाली होती, पण जिभेवरचं यवतमाळ तसूभर हललं नव्हतं. "ज्याचं उत्तर आपल्याले ठाऊक आहे, ते आधी विचाराचं," त्या मला सांगत. "तिथं जो खोटा पडला, त्याले पुढचं विचारूच नाही." हा नियम त्या सगळ्यांना लावत. अपनी मंडी नावाच्या भाजीबाजारात जाताना पिशवीत एक किलो मिठाचा न फोडलेला पुडा असायचा. भाजीवाल्याच्या काट्यावर आधी मीठ, मग भेंडी. काही भाजीवाले त्यांना लांबून पाहूनच काटा पुसायला घेत.

आमचं काम होतं अँटिबॉडी किट तपासण्याचं. बोटाच्या टोकाचं थेंबभर रक्त पट्टीवर टाकायचं. एक रेघ उमटली तर काही नाही, दोन उमटल्या तर तुम्हाला करोना होऊन गेला. पट्टी खरं बोलते का, ते आम्ही सांगायचं. जूनमध्ये डेराबस्सीच्या एका कारखान्याची खोकी आली. बरोबर कंपनीचा माणूसही आला. "पक्का माल है, मॅडमजी. बस, साइन कर दीजिए."

"पक्का है तो जाँचने में डर कायको?" बाई म्हणाल्या.

मला मात्र धीर नव्हता. विमानतळाजवळच्या एयरोसिटी वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या घरात मी आणि माझी आई राहत होतो. आईला मधुमेह, आणि मी रोज लोकांच्या रक्तात हात घालणारी. तीन महिने मी बाल्कनीलगतच्या खोलीत एकटी राहत होते. आई दारापाशी ताट ठेवायची आणि काचेपलीकडे बसून मी जेवते का ते बघायची. तिचा हात हातात घेतल्यालाही तीन महिने झाले होते. मी गुपचूप एक पट्टी काढली आणि बोट टोचलं. दोन रेघा! मी लगेच आईला फोन केला, "होऊन गेलाय मला! आज तुझ्या शेजारी बसून जेवणार." तिने तिकडे वांगी भरायला घेतली.

बाईंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "तुले कोनं सांगतलं?"

"किटने."

"अन् किट खरं बोलून रायलं, हे कोनं सांगतलं?"

बाईंनी फ्रीझरमधल्या रक्ताच्या नळ्यांवर नुसते आकडे घातले. कोणती नळी कुणाची, ते फक्त त्यांच्या वहीत. मी पट्ट्या वाचत गेले. सतरा नंबरला दोन ठसठशीत रेघा आल्या.

बाईंनी वही उघडली. "हे माझं रक्त. दुसऱ्या कामासाठी दिलं होतं, करोनाचं नावही नव्हतं तेव्हा. तवापासून फ्रीझरमध्येच आहे." मग कंपनीच्या माणसाकडे वळून म्हणाल्या, "मुबारक हो! दुनिया के पहले मेरे को होके गया!"

बाईंच्याच रक्ताचं काय, त्या काळातल्या कितीतरी नळ्या तशाच निघाल्या. उलट इस्पितळातून बरे होऊन घरी गेलेल्यांपैकी काहींना ती पट्टी ओळखही दाखवेना.

कंपनीच्या माणसाचा चेहरा पडला. "मॅडमजी, ऊपर से फोन करवा दूँ?"

"करवाओ. फोन की भी जाँच कर लेंगे."

मला हसू आलं नाही. मला बाईंचा भयंकर राग आला होता. आईला पुन्हा फोन करताना मी रडले. बाईंनी पाठीवर हात ठेवला नाही, कारण तेव्हा कुणीच कुणाला हात लावत नव्हतं. "रड पोरी," त्या म्हणाल्या, "पण काचेच्या अलीकडंच रड." भरली वांगी त्या दिवशीही दारापाशीच आली.

चौथ्या दिवशी मला ताप आला. करोनाच होता, आणि तो मला पहिल्यांदाच झाला होता. आई काचेपलीकडे ठणठणीत होती.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी दुधी हलव्याचे दोन डबे आणले. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी दोन्हींची तोंड भरून स्तुती केली. मी आईला बरोबर नेलं होतं. तिने पहिल्या डब्यातला घास घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ओ कुलथेबाई, यात साखर घालायची राहिली की हो!"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. बाई मनापासून हसल्या. "मुद्दामच नाही घातली, बाई. एवढ्या जणांत तुम्हीच एक खऱ्या निघाल्या." मग मला म्हणाल्या, "हिले नीट सांभाळ."

आईने साखर घातलेला दुसरा डबा ओढला. एरवी मी तिचा हात धरला असता. त्या दिवशी फक्त चमचा घेतला आणि तिच्या शेजारी बसून तिच्याच बशीतून तो हलवा खाल्ला.