पबमधली एकादशी

पबच्या आवारात मोटरहोम रात्रभर फुकट लावायची आणि बदल्यात आत जेवायचं, असा तिथला रिवाज. नेमकी पुण्याहून आलेल्या आईची एकादशी. आम्ही जेवू, पण ती उपासाचं सोडून काही खाणार नाही, हे मी म्हाताऱ्या मालकाला कसंबसं सांगून टाकलं. आता गाडी काढायला लावतो की काय!

तो पायातल्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत मागच्या वाफ्यात गेला, गुडघ्यांवर बसून माती उकरली आणि हातातला मातकट कंद वर धरून म्हणाला, "कुमरा चालेल?"

"अगं बाई, रताळी!" आई मराठीतच ओरडली. "चालतात की!"

मी आभार मानू लागलो, तर मालक म्हणाला, "स्वीट अ‍ॅझ, काही हरकत नाही. गाडीत एकटं बसू नये, एवढाच नियम."

मग बिअरच्या नळांसमोर बसून आईने निवांत उपास केला.