ताईचे मिटलेले ओठ

भुलाबाईच्या महिन्यात गल्लीतल्या पोरी गाणी म्हणत घरोघर हिंडायच्या, आणि सगळ्यांत पुढे आमची ताई. गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा वाजवून आतला खाऊ ओळखायला लावते. आमच्या घरचा डबा ताई वाजवायची. मी सख्खी धाकटी बहीण, पण आत काय आहे ते मलाही सांगायची नाही. उत्तर चुकलं की अशी खो-खो हसायची, की पार बसस्टँडवर ऐकू जावं. मला भारी राग यायचा.

मागच्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. भुलाबाईचं एक गाणं ताईनं स्वतः रचलेलं होतं. तेवढं तरी राहावं म्हणून उमरखेडला लग्नांची शूटिंग करणाऱ्या एका दादाकडे आम्ही ते रेकॉर्ड केलं. गाताना ती दोनदा हसली. "हासू नका ना ताई, गानं खराब हून राह्यलं," दादा म्हणाला आणि हसणं त्यानं पुसून टाकलं. व्हिडिओ कापसाची वेचणी झाल्यावर करणार होतो, पण ऑपरेशनची तारीख त्याआधीच आली.

ताई घरी आल्यावर राहिलेला व्हिडिओ आपणच करायचा म्हणून मी दादाकडे शिकायला जाऊ लागले. "पयले कागदावर चौकटी काढ, मंग कॅमेऱ्याले हात लाव." एका चौकटीत एक शॉट. माझी माणसं बुजगावण्यासारखी निघत. अंगण काढलं, डबा काढला, ताईच्या चेहऱ्याची चौकट कोरी ठेवली. तिला आता ओठ हलव म्हणायची माझी छाती नव्हती. "पाठमोरी घे तिले," दादानं सुचवलं. मला ते पटलं नाही.

ताईनं कागद पाहिला, माझ्या हातातलं पेन ओढलं आणि कोऱ्या चौकटीत तोंड काढलं. चांगलं आ वासलेलं.

अंगणात स्पीकर लावला. गळ्याला ओढणी गुंडाळून ताई स्वतःच्याच आवाजावर ओठ हलवू लागली. मला रडू आवरेना. "रडून काहून राह्यली? कॅमेरा हालते!" दादा खेकसला.

एडिटिंगला त्यानं युक्ती सांगितली. प, ब, म आलं की ओठ मिटतात, तिथं आवाज आणि चित्र जुळवायचं. मला काही जुळवावंच लागलं नाही. ताई कुठेच चुकली नव्हती. गाणं संपल्यावर मात्र तिनं डबा उचलून वाजवला आणि माझ्याकडे पाहत ओठ हलवले. "हे काप. गानं सरलं," दादा म्हणाला. मी कापलं नाही. ती काय विचारतेय ते मला कळलं होतं.

घरी येऊन मी तिच्यासमोर बसले. "करंजी?"

ताईनं मान हलवली. चूक. आणि ती हसली. खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं, तोंड त्या चौकटीतल्यासारखं उघडलं, पण घरात काहीच ऐकू आलं नाही. गाणं आमच्याकडे होतं. हसणं ठेवायचं कोणाला सुचलंच नव्हतं.