काळ्या दोऱ्यातली प्रीती

शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या नादात मी शेजारणीला पंधरा दिवस पेजेवर ठेवलं. हेतू चांगला होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढं ते कुणाच्या लक्षात राहणार नाही.

मिरजेत रेल्वेलाईनच्या पलीकडं आमची कॉलनी. मी हायस्कूलमध्ये गणिताचा मास्तर, बायको रूथ चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते, आणि आमच्या कंपाउंडला लागूनच सुभेदारसाहेबांचं घर. सुभेदार मूळचे साताऱ्याकडचे. पलटणीतून निवृत्त झाले आणि मुलगा इथं डॉक्टर झाला म्हणून मिरजेला आले. दर रविवारी मी चर्चमधून परतलो की भिंतीवरून हाक यायची, "मास्तर, च्या घ्याला या!" मग सुभेदारांच्या पत्नी, म्हणजे अख्ख्या कॉलनीच्या आक्का, आलं घातलेला चहा कपावर बशी झाकून भिंतीवरूनच द्यायच्या. अशी सात वर्षं सुखात गेली. मग एका नाताळला मी घरावर तारा लावला.

तारा मोठा होता. (रूथच्या मते गरजेपेक्षा मोठा आणि माझ्या अंगात शिरलेल्या वाऱ्याएवढाच.) तो लाल-हिरवा उघडझाप करायचा, आणि तीही नेमकी सुभेदारांच्या खिडकीत. सुभेदार रात्री नऊला झोपतात आणि पहाटे चारला उठतात. तिसऱ्या दिवशी ते भिंतीपाशी आले.

"मास्तर, त्यो दिवा जरा बंद करा. डोळ्याला डोळा लागंना झालाय."

"तो दिवा नाही, सुभेदारसाहेब, तारा आहे."

"तारा असू द्या न्हाईतर चंद्र. बंद करा."

"येशूच्या ताऱ्यामागं आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी अशी तक्रार केली नव्हती!" मी म्हणालो.

हे वाक्य तेव्हा मला फार झकास सुचलं असं वाटलं होतं. सुभेदार तडक आत गेले आणि पुढं तीन वर्षं बोललेच नाहीत. मीही बोललो नाही. तारा मात्र दर नाताळला हातभर वर चढवत राहिलो. खरं सांगू का, मला त्यांची आठवण यायची. दहा फुटांवर राहणाऱ्या माणसाची आठवण येणं हे फार चमत्कारिक दुखणं आहे. त्यात रविवारचा चहा घरचाच प्यावा लागायचा.

गेल्या वर्षी ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला तेव्हा आमच्या तरुण पाळकसाहेबांनी एक नवीनच टूम काढली. "ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचं नाव चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी खिशात ठेवा," ते म्हणाले. "चाळीस दिवस त्या माणसावर गुपचूप प्रीती करा. गाजावाजा नको, घरच्यांनाही कळता कामा नये. आणि ईस्टरच्या आत त्याच्याशी बोला. ज्याचं बोलणं सुरू झालं नसेल, त्यानं त्या दिवशी प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, पुढं येऊ नये. जागेवर बसून राहावं."

मी चर्चच्या मंडळीचा पंच. माझी जागा पहिल्या बाकावर. मी बसून राहिलो असतो तर मागच्या सगळ्या मंडळीला दिसलं असतं आणि दुपारच्या जेवणाआधी माझ्या सासुरवाडीला कळलं असतं. मी चिठ्ठीवर 'सुभेदार' असं लिहिलं आणि कंबर कसली.

आमच्या न्हाणीघरामागं लिंबाचं झाड आहे. त्याला त्या वर्षी पहिल्यांदाच फळ धरलं. पहिलं फळ देवाच्या नावानं द्यायची आमच्यात रीत आहे. म्हटलं, ते शेजाऱ्याला दिलं तर देव काही रागावणार नाही. शनिवारी माझी सकाळची शाळा असते, त्यामुळं उजाडायच्या आतच उठतो. पाच पिवळीधमक लिंबं तोडली, कुंडीतल्या मूठभर मिरच्या खुडल्या, कपाटावरचा एक कागद घेऊन पुडी बांधली. पुडी सुटायला लागली म्हणून रूथच्या शिवणाच्या डब्यातून हाताला लागला तो दोरा गुंडाळला. तो काळा होता. एक लिंबू पुडीत मावेना, ते वर ठेवलं. सगळा ऐवज सुभेदारांच्या उंबऱ्यावर नीट मधोमध मांडला आणि विश्वासात बोटभर वाढल्यासारखा शाळेला गेलो.

त्या दिवशी अमावस्या होती. (गणिताच्या मास्तरकडं सगळं असतं, फक्त पंचांग नसतं!)

पुढच्या शनिवारी मी आमच्या गावरान कोंबडीची दोन अंडी ठेवली. अंडी घरंगळून फुटू नयेत म्हणून भोवतीनं तांदळाचं गोल आळंही केलं. प्रीती करायची तर नीटनेटकी करावी, असं माझं मत.

तीन दिवसांनी रूथ भाजी घेऊन धावतच घरात आली.

"अहो, ऐकलंत का? सुभेदारांच्या आक्कांवर कुणीतरी करणी केलीय!"

"कसली करणी?"

"अमावस्येला उंबऱ्यावर लिंबू-मिरच्यांची पुडी! काळ्या दोऱ्यानं बांधलेली! आणि परवाच्या शनिवारी अंडी, तांदळाचं रिंगण घालून! आक्कांनी अन्न सोडलंय, नुसत्या पेजेवर आहेत. किती दुष्ट असेल हो तो माणूस!"

चहा माझ्या नाकातून बाहेर आला. रूथ म्हणाली, "बघा, तुम्हालासुद्धा धक्का बसला." मी मान हलवली. त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पण पाळकसाहेबांनी घरच्यांनाही सांगायचं नाही म्हटलं होतं ना! आज्ञा पाळायची इतकी हौस मला आयुष्यात पूर्वी कधीच आली नव्हती.

त्या शनिवारी मी काहीच ठेवलं नाही. शाळेला निघायला म्हणून दार उघडलं, तर आमच्याच उंबऱ्यावर लिंबू! वर हळदकुंकू.

माझ्या मागून रूथची किंकाळी आली. मग ती सावरून म्हणाली, "माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही."

"माझाही नाही."

"मग उचला ना."

"विश्वास तुझाही नाही, तर तूच उचल."

"पंच कोण आहे? तुम्ही की मी?"

मी आत जाऊन सांडशी आणली. लिंबू माझं होतं. माझ्याच झाडाचं होतं. त्याच्या देठाजवळचा काळा ठिपकासुद्धा माझ्या ओळखीचा होता. तरीही ते मी सांडशीत धरून, हात लांब करून, तोंड फिरवून, भराभर प्रार्थना पुटपुटत कोपऱ्यावरच्या ओढ्यापर्यंत नेलं. रूथनं ती सांडशी तीनदा घासली आणि तरी माळ्यावर टाकली.

दुपारी शाळेतून आलो आणि दाराची बेल वाजली. दारात सुभेदार. तीन वर्षांत पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. चेहरा उतरला होता.

"मास्तर," ते म्हणाले. मी दार सताड उघडलं. "सकाळचं लिंबू आमीच ठिवलं. आक्काची भन आटपाडीची, ती म्हनली उगवतीकडनं आलंय, मावळतीला धाडा. मावळतीला तुमचंच घर. माफी करा."

"अहो, माफी कसली..."

"आक्का काय खाईना, मास्तर. पोरानं तपासलं, काय निघंना. देवऋषी झाला, उतारा झाला. सरहद्दीवर मी कुनाला भ्यालो न्हाई, पर ह्ये घरात शिरलंय, बंदूक धरू कुनावर? तुमच्यात प्रार्थना करत्यात म्हनं. तुमचे पाळक येतील का वो?"

"येतील की," मी म्हणालो.

आता माझ्या मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते. मनात आलं, वा! बोलणं तर सुरू झालं! पाळकसाहेब प्रार्थना करतील, आक्का जेवतील, मी ईस्टरला ऐटीत पुढं जाईन आणि लिंबाचं नावही निघणार नाही. येशूला नेलं तसं सैतान मला कधी रानात वगैरे नेत नाही, तो माझ्या घरातल्या खुर्चीतच बसलेला असतो.

संध्याकाळी पाळकसाहेब आले. आम्ही सगळे सुभेदारांकडं गेलो. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, गाल बसले होते. पाळकसाहेबांनी विचारलं, "ती वस्तू ठेवलीय का?" सुभेदार शेवटी फौजी माणूस. अंडी त्यांनी ओढ्यात टाकली होती, पण पुडी पुरावा म्हणून गच्चीवर पालथ्या बादलीखाली जपून ठेवली होती. ती त्यांनी फावड्यावर ठेवून आणली. पाळकसाहेबांनी ती सरळ हातानं उचलली. सगळे मागं सरकले. (सगळ्यांत आधी मी!)

त्यांनी दोरा सोडला, कागद उलगडला. सुरकुतलेली चार लिंबं, वाळक्या मिरच्या, आणि कागदावर सहावीतल्या कुणाची तरी अपूर्णांकांची उदाहरणं. खाली लाल शाईत 'अक्षर सुधारा', आणि माझी झोकदार सही.

पाळकसाहेबांनी सही वाचली. मग माझ्याकडं पाहिलं. मग तो कागद शांतपणे घडी घालून खिशात ठेवला.

"प्रार्थनेआधी," ते म्हणाले, "कुणाला काही बोलायचं आहे का?"

मी फरशीकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं. मग आक्कांचा हात दिसला. भिंतीवरून बशी झाकलेला कप धरणारा तो हात, त्यातल्या बांगड्या कोपरापर्यंत सैल झाल्या होत्या.

"मी ठेवलं," मी म्हणालो.

"काय ठिवलं?" सुभेदार.

"लिंबं. मिरच्या. अंडी पण. भेट म्हणून! गुपचूप प्रीती करायची होती, म्हणून नाव नाही टाकलं. काळा दोरा चुकून लागला हाताला. तांदूळ अंडी घरंगळू नयेत म्हणून. आक्का, माझं चुकलं. ताऱ्याचंही माझंच चुकलं. तीन वर्षं तेच सांगायचं होतं, पण जीभ रेटली नाही."

रूथ पुटपुटली, "तरीच शिवणाच्या डब्यातला दोरा कमी झाला."

आक्का हळूहळू सरळ झाल्या. "म्हंजे पंधरा दिस मी पेज पितीया ती मास्तरांच्या लिंबांपायी?"

"हो."

"आन ती अंडी? गावरान हुती?"

"हो, आक्का. आमच्याच कोंबडीची."

आक्का नवऱ्याकडं वळल्या. "अरारारा! आन तुमी ती वढ्यात टाकली?"

आणि सुभेदार हसायला लागले. सुरुवातीला नुसतेच खांदे हलले, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "मास्तर," ते म्हणाले, "आमी सात रात्री गच्चीवर जागलो! उगवतीकडनं कोन येतंय बघत! आन शत्रू मावळतीला, शेजारी झोपलेला! आवं, बेल वाजवायची, हातात लिंबू द्यायचं, एवढं सोपं सोडून ह्ये काय हो?"

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, पण मध्येच त्यांचाही आवाज हसण्यानं कापायला लागला आणि त्यांनी घाईघाईत आमेन म्हटलं. आक्कांनी त्या संध्याकाळी दोन भाकरी आणि झणझणीत पिठलं खाल्लं. मला पुढं बसवून खाल्लं, आणि पुन्हा पुन्हा म्हणाल्या, "लिंबू न्हाई का वो मास्तर जेवनाला?"

ईस्टरला मी प्रभुभोजनाला पुढं गेलो. ऐटीत नाही, हळूच गेलो. घरी परतलो तर भिंतीवरून हाक आली, "मास्तर, च्या घ्याला या!" भिंतीवर कप होता, कपावर बशी होती, आणि बशीत एक लिंबू होतं. गेल्या नाताळला तारा सुभेदारांनीच बांधला, पलटणीतली गाठ मारून, स्वतःच्या खिडकीकडं ताऱ्याची पाठ करून. नऊला बंद करायला मी स्वतः उठतो.

परवा पाळकसाहेबांनी विचारलं, "काय मास्तर, त्या चाळीस दिवसांत विश्वासात काही वाढ झाली का?" मी म्हणालो, "झाली की! आता उंबऱ्यावर लिंबू दिसलं तर सांडशी लागत नाही, सरळ हातानं उचलतो."

(अमावस्येला मात्र रूथला उचलायला सांगतो. पंचांग आता भिंतीवरच टांगलंय!)