पळणाऱ्या जनावराचं मांस

भिवा पावणेचारला उठायचा. घरात घड्याळ नव्हतं तेव्हाही, आणि पुढे लेकीने मोबाईल दिला तेव्हाही. मंठ्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, दहाच्या आत काम सुरू होत नाही. हमालाने इतक्या लवकर उठायचं काही कारण नाही. भिवा उठून दोन तास शेतांच्या बांधांनी चालायचा, मग भाकरी खाऊन सायकलवर मोंढ्यात यायचा.

थप्पीवर पोतं चढवायला दोन माणसं लागतात. वरचा ओढतो, खालचा रेटतो. खालच्याच्या अंगावर वजन जास्त येतं. छत्तीस वर्षं भिवा खाली होता आणि मी वर. त्याने एकदाही जागा बदलून मागितली नाही. मीही कधी देऊ केली नाही.

बांधांनी चालायची सवय त्याला शिकारीतून लागली होती. तरुणपणी पोळ्याच्या करीला त्याच्या गावातली माणसं सशामागे जात. सात-आठ माणसं, दोन जाळी, एक कुत्रं. कायद्याने बंदी तेव्हाही होती, पण गावात तिचं नाव कुणी घेत नसे. ससा मिळाला की वाटे पडायचे. पहिला वाटा काळजाचा. तो शिकाऱ्याच्या घरात जायचा नाही. गावात जी बाई गरोदर असेल किंवा नुकती बाळंत झाली असेल, तिच्या उंबऱ्यावर तो पळसाच्या पानात ठेवायचा, कडी वाजवायची आणि निघून यायचं. आपलं नाव सांगायचं नाही. भिवाची बायको दुर्गाबाई हिला रूपालीच्या वेळी असा वाटा तीनदा आला. रूपाली त्यावरच पोसली, असं भिवा म्हणायचा. ती त्याची एकुलती एक लेक.

ब्रॉयलर कोंबडीला तो पाणी म्हणायचा.

"चाळीस दिवस एका जागी उभं राह्यलेलं ते. त्यात काय असणार? जेवढं पळलं तेवढंच अंगात उतरतंय. माणूस असू दे न्हाई तर जनावर."

"मंग तुलाच कापून खावं लागंल भिवा," टोळीतला भुजंग म्हणायचा. "तुझ्याइतकं कोण पळलंय?"

"कडू लागन," भिवा म्हणायचा आणि पुढचं पोतं धरायचा.

गेल्या दिवाळीत रूपाली कुंभार पिंपळगावच्या सासरहून माहेरी आली. सातवा महिना होता. आधीचं एक पोट तिसऱ्या महिन्यात गेलेलं. ती भिंतीला हात लावून चालायची. गावातल्या आशा कार्यकर्त्या बेबीनंदाताई तिला आणि भिवाला घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहाच्या जरा वर निघालं. अकराच्या वर पाहिजे असतं.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि शिरेतून द्यायची लोहाची इंजेक्शनं सांगितली, एक दिवसाआड पाच. शिवाय काळीज, अंडी, पालेभाजी. भिवाने विचारलं, सशाचं मांस चालेल का. बाईंनी त्याला नीट उत्तर दिलं. रानातलं जनावर पळतं, म्हणून त्याचं मांस काळपट लाल असतं, चरबी कमी असते, लोह चांगलं असतं, हे खरं आहे. पण बोकडाच्या काळजातही ते भरपूर असतं आणि ते बाजारात मिळतं. सशाची शिकार हा गुन्हा आहे. आणि नुसत्या खाण्याने रक्त भरेल इतका वेळ आता उरलेला नाही, इंजेक्शनं चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी मोंढ्यात भिवाने मला सांगितलं, "सर्जेराव, डॉक्टरीणबाई बी तेच म्हणल्या. पळणाऱ्या जनावरात जास्त असतंय." पुढचं त्याने सांगितलं नाही. ते मला नंतर बेबीनंदाताईंकडून कळलं. भिवा खोटं बोलला नव्हता. त्याने तेवढंच ऐकलं होतं.

पहिल्या इंजेक्शनानंतर रूपालीला थंडी वाजून ताप आला. ती घाबरली. गोळ्यांनी उलट्या व्हायच्या. भिवा म्हणाला, राहू दे ती इंजेक्शनं नि गोळ्या, मी ससा आणतो. दुर्गाबाईने दोनदा विषय काढला. बेबीनंदाताई तीनदा दारात येऊन गेल्या. उद्या मिळतोच, असं भिवा प्रत्येक वेळी सांगायचा.

आता तो तीनलाच उठू लागला. एकोणीस दिवस तो हिंडला. मी त्याचे कष्ट कमी लेखत नाही. पहाटे सहा-सात कोस चालून आल्यावर दिवसभर पोती रेटणं मला तरुणपणीही जमलं नसतं. धोतराला कुसळं लागलेली असायची, पोटऱ्या थरथरायच्या. त्या दिवसांत त्याच्या हातून एक पोतं सुटलं. छत्तीस वर्षांत पहिलं.

पण रान आता ते राहिलं नव्हतं. निम्मे बांध जेसीबीने काढले, उरलेल्यांवर तणनाशक मारतात. सशाला बसायला गवत नाही. एकदा त्याला लेंड्या दिसल्या. त्या जुन्या निघाल्या.

मी त्याला म्हणालो, आठवडी बाजारातून बोकडाचं काळीज घेऊन जा.

"दावणीला बांधून वाढवलेलं बोकड ते," तो म्हणाला. "ते कुठं पळलंय?"

मी पुन्हा बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं.

विसाव्या दिवशी सकाळी सातला त्याचा फोन आला, जल्दी ये म्हणून. मी गेलो. अंगणात दोन तित्तर पडले होते, चांगले अंगाने भरलेले. भिवाने आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. नव्या पेरलेल्या हरभऱ्याच्या कडेला मिळाले, म्हणाला. पळसाचं पानही त्याने शोधून आणलं होतं. काळजाचा वाटा आपल्या हाताने आपल्या घरात द्यायचा नसतो, म्हणून त्याने मला बोलावलं होतं. मी तो उंबऱ्यावर ठेवायचा, कडी वाजवायची आणि निघून जायचं.

रूपाली दारात बसली होती. तिची नखं कागदासारखी पांढरी होती. ती मला बघून हसली. म्हणाली, "काका, आबा आज पहिल्यांदा बसून चहा प्याले."

दुर्गाबाईने पहिला तित्तर साफ करायला घेतला. गळ्याखालची दाण्याची पिशवी कापली आणि तिचा हात थांबला.

"हे काय खाल्लंय यांनी?"

तिच्या तळहातावर हरभरे होते. गुलाबी. भिवाने एक उचलून नखाने खरवडला. नख गुलाबी झालं. भिवाला आणि मला कुणाला विचारायची गरज नव्हती. त्या बियाण्याच्या बॅगा आम्ही पाठीवर वाहिल्या होत्या. त्यांवर कवटीचं चित्र असतं. पेरायच्या आधी बियाण्याला औषध चोळलेलं असतं, कीड लागू नये म्हणून. त्या बॅगा उतरवल्या की आम्ही दोनदा साबण लावूनच भाकरीला हात लावायचो.

मी विचारलं, "उडाले न्हाईत का रे हे तुला बघून?"

त्याने दाणा परत दुर्गाबाईच्या तळहातावर ठेवला.

"न्हाई," तो म्हणाला. "बसून होते. मी नुसता गमछा टाकला."

रूपालीने ते ऐकलं. ती उठली आणि आतून गोळ्यांची पाकिटं घेऊन आली. "आबा, राहू द्या. मी गोळ्या खाते. उलटी झाली तर परत खाते."

भिवाने परसात गुडघाभर खड्डा खणला, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. दोन्ही तित्तर, पिसं आणि पळसाचं पान त्यात टाकलं. वर दगड ठेवले. मग साबणाने दोनदा हात धुतले आणि सायकल काढून खाटकाकडे गेला.

त्यानंतर त्याने रोज काळीज आणलं. राहिलेली इंजेक्शनं एक दिवसाआड दिली. शेवटच्या इंजेक्शनाला तपासलं तेव्हा रक्त थोडं वर सरकलं होतं. तिच्या ओठांना जरा रंग आला होता. दुसऱ्या दिवशी, दीड महिना आधी, तिला कळा आल्या. जालन्याला नेलं. मुलगी झाली, पावणेदोन किलोची. मग रूपालीचं रक्त जायला लागलं. बाहेरून रक्त चढवलं. टोळीतल्या सगळ्यांनी बाह्या वर केल्या, भुजंगचं आणि माझं जुळलं. दुपारी चारला रूपाली गेली.

तिथल्या डॉक्टरांनी भिवाला समोर बसवून सांगितलं. इतकं रक्त गेलं तरी एखादी बाई सोसते, पण त्यासाठी मुळात ते अंगात असावं लागतं. तीन आठवडे आधी रक्त भरायला लागलं असतं तर कदाचित सोसलं असतं. या वेळी भिवाने सगळं ऐकलं. वाटेत गाडीत मला शब्द न् शब्द सांगितला.

त्याला कुणी बोल लावला नाही. दुर्गाबाईनेही नाही. जावई तेराव्याला आला आणि बाळ इथेच राहू द्या म्हणाला. नाव आजीने ठेवलं, अक्षता.

गुढीपाडव्याला आम्ही दोघांनी मोंढा सोडायचा, असं दोन वर्षांपूर्वी ठरलं होतं. मी सोडला. भिवा चौसष्ट वर्षांचा आहे आणि अजून थप्पीखाली उभा राहतो. बांधांवर जात नाही, पण उठतो पावणेचारलाच. तेव्हा बाळ जागं होतं आणि पाणी उकळून कोमट करायला वेळ लागतो.

मजुरी शनिवारी मिळते. हातपाय धुऊन तो औषधाच्या दुकानात जातो आणि दुधाच्या भुकटीचा एक डबा घेतो. चारशे ग्रॅमचा. तेवढा डबा तो दोन्ही हातांत धरून सायकलपर्यंत आणतो.