भाऊजींनी पुसलेलं पान

कालव्याचा पूल मागे पडला तेव्हा निम्मा रस्ता संपला होता. पाइप टाकायला रस्ता खणलेला, त्यामुळे बस बंद, आणि दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना पार दुसऱ्या टोकाला. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत दोन पुठ्ठ्यांच्या मधे बांधलेली बत्तीस पानांची एक पुस्तिका. आत अंडी असल्यासारखा त्यांनी पिशवीवर हात दाबून धरला होता.

"वहिनी, दमलात का?"

"मी नाही दमले. तुम्ही हे चौथ्यांदा विचारताय. थांबायचंय का तुम्हाला?"

"हो," ते म्हणाले आणि टायरच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर बसले.

डॉक्टरांना काय सांगायचं ते त्यांनी घरूनच पाठ केलं होतं. कट्ट्यावर बसून मला एकदा म्हणून दाखवलं.

"डॉक्टर, तुमच्या पुस्तिकेचं काम झालंय, गंजक्या पिना काढून नव्या घातल्यात, फक्त शेवटच्या पानाच्या बाबतीत जरा गैरसमज झाला."

"कुणाचा?"

"माझा."

"मग 'मी पुसलं' म्हणा ना सरळ. दोन शब्दांचं काम आहे."

"दोन शब्दांत ते फार वाईट वाटतं ऐकायला," भाऊजी म्हणाले.

काय झालं होतं ते आधी सांगते. भाऊजी व्हिडिओ गेमच्या पुस्तिका जमवतात. जुन्या काळी गेमची कॅसेट विकत घेतली की खोक्यात तिच्याबरोबर एक छापील पुस्तिका यायची. यंत्र टीव्हीला कसं जोडायचं, कुठलं बटण दाबलं की माणूस उडी मारतो, राक्षस किती आणि त्यांची नावं काय, हे सगळं तिच्यात असायचं. आता खेळ थेट पडद्यावर येतात, त्यांच्याबरोबर कागद येत नाही. म्हणून जुन्या पुस्तिका जपणारे लोक आहेत, आणि त्यातल्या कुणाच्या पिना गंजल्या, पानं सुटली की ते भाऊजींकडे येतात. भाऊजी छापखान्यात बांधणी खात्यात आहेत. एकोणतीस वर्षं घड्या घालणं, पानं लावणं, पिना मारणं. जुन्याच भोकांतून नवी पिन अशी ओवतात की बघणाऱ्याला कळत नाही.

डॉक्टरांनीही त्यांची एक पुस्तिका अशीच दिली होती. तिच्या शेवटी 'नोंदी' असं वर छापलेलं एक पान होतं, खाली नुसत्या रेघा. त्या पानावर पेन्सिलीने गिचमिड लिहिलेलं होतं. भाऊजींनी पिना बदलल्या, आणि दोन संध्याकाळ खपून ते पानही स्वच्छ केलं. खोडरबर जपून फिरवायचं, चुरा मऊ ब्रशने झाडायचा. मग मला आणून दाखवलं. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारलं होतं का? ते म्हणाले, यात विचारायचं काय, मळलं होतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्या बहिणीचा रविवारी वाढदिवस. ती लांब राहते. लहानपणी दोघं मिळून तो खेळ खेळायची आणि त्या पानावर लिहून ठेवायची. तिने एवढंच मागितलं होतं, त्या पानाचा एक फोटो. फोटो मुळात काढलेला नव्हता कुणीच. भाऊजी फोनवर "हो, हो, घेऊन येतो" म्हणाले आणि फोन ठेवून खुर्चीत बसून राहिले. त्यांच्या बायकोने, माझ्या जावेने, मला बोलावून घेतलं. "ताई, यांच्याबरोबर तुम्ही जा. हे एकटे गेले तर दवाखान्यात एखादा दात काढून घेतील, पण बोलायचे नाहीत."

खरंच आहे ते. मशीनच्या आवाजात आयुष्य गेलं, त्यामुळे घरीही ते मानेनेच बोलतात. पण पुस्तिकांचं वेड मशीनच्याही आधीचं, आणि ते लागताना मी समोर होते.

मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी अकरा वर्षांचे. सामान बांधून आलेल्या रद्दीत त्यांना एक पुस्तिका सापडली. खेळ नाही, यंत्र नाही, नुसती पुस्तिका. मी ओट्याशी उभी असायची आणि हे मिठाच्या बरणीपासून तेलाच्या डब्यापर्यंत बोट फिरवून मला सांगायचे, हा पूल, इथे म्हातारा बसलाय, त्याच्याकडे दिवा आहे पण तो फुकट देत नाही. शब्दकोश घेऊन एकेक इंग्रजी ओळ लावली होती त्यांनी. शाळेत त्या विषयात जेमतेम पास व्हायचे, पण 'ओल्या हाताने खटका दाबू नये' हे त्यांना त्या भाषेत तोंडपाठ होतं. मामंजी म्हणायचे, "याला नवरीचं तोंड दिसलं नाही तरी चालेल, नुसती लग्नपत्रिका वाचून याचं पोट भरेल." यंत्र घेण्याची गोष्ट घरात कुणी काढली नाही. भाऊजींनीही नाही.

पुढे नोकरी लागल्यावर त्यांनी ते यंत्र आणि तीच कॅसेट कुठून तरी जुन्यात मिळवली. सगळे जमलो बघायला. त्यांनी एक संध्याकाळ खेळ खेळला, आणि यंत्र पुसून खोक्यात ठेवून दिलं.

मी विचारलं, "काय झालं?"

"पुस्तिकेत समुद्र आहे, वहिनी. इथे निळी पट्टी आहे."

ते रागाने म्हणाले नाहीत. बाजारात भाव काय आहे ते सांगावं तसं म्हणाले. पण त्यानंतर ते पुस्तिकाच जमवायला लागले. आज दोनशेच्या वर आहेत. शर्टांची चपटी खोकी येतात, तसल्या खोक्यांत, मधे पातळ कागद घालून. खेळ सगळे मिळून चार. मला ते पुस्तिका उघडून दाखवतात तेव्हा कळतं त्यांना काय आवडतं ते. पडद्यावरचा माणूस म्हणजे दहा-बारा चौकोनी ठिपके. पुस्तिकेत त्याला नाव आहे, गाव आहे, तो घरातून का निघाला ते आहे. कुणीतरी बसून त्या ठिपक्यांसाठी चेहरा काढलाय. भाऊजी म्हणतात, छापखान्यात मी एवढी पुस्तकं बांधली, पण वाचणाऱ्याला इतकं काही देणारं बत्तीस पानांत दुसरं पाहिलं नाही. मला त्यातलं फार कळत नाही. पण त्या पानांवरून ते बोट फिरवतात तेव्हा घाई नसते, एवढं दिसतं.

जमवणारे लोक महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या खोलीत भेटतात. त्यांच्यात दोन तट आहेत. कोरेवाले आणि लिहिलेवाले. कोरेवाल्यांना पुस्तिका दुकानातून आत्ताच आणल्यासारखी हवी. लिहिलेवाल्यांना मागच्या पानावर कुणा पोराने टिपून ठेवलेले संकेतशब्द, नकाशे, शिव्या, सगळं हवं. एकमेकांना टोमणे मारत चहा पितात. भाऊजी पक्के कोरेवाले. त्यांच्या खात्यात कागदावर बोट उमटलं तरी तो ताव रद्दीत जातो, त्यामुळे डोळ्याला तीच सवय. आणि डॉक्टर त्या खोलीत कधी आलेलेच नाहीत. ते कुठल्या तटात आहेत हे भाऊजींना ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्या मते तट असा एकच होता.

मी रोज सकाळी देवासमोर बसून एक पुस्तक वाचते. सासूबाईंचं आहे. त्याच्या कोपऱ्यांना त्यांच्या बोटांचे तेलकट डाग आहेत, आणि एका पानाच्या कडेला शाईने एक आकडा लिहिलाय, कशाचा ते कुणाला माहीत नाही. भाऊजींनी ते पुस्तक मला दोनदा बांधून दिलं आणि दोन्ही वेळा विचारलं, कोपरे साफ करू का? मी दोन्ही वेळा नको म्हटलं. कट्ट्यावरून उठताना मी त्यांना हे बोलून दाखवलं.

"मला विचारलंत. डॉक्टरांना का नाही विचारलं?"

"ते देवाचं पुस्तक," भाऊजी म्हणाले. शाळेचं लांबलचक कुंपण संपलं, गोदामांची मागची भिंत लागली, तेव्हा म्हणाले, "आणि तो आईचा हात होता."

"हाही कुणाचा तरी हात होता, भाऊजी."

"ते फोन आल्यावर कळलं."

दवाखान्यात पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. मदतनीस बाईंनी वही उघडून विचारलं, "कुठला दात?"

"दात नाही," भाऊजी म्हणाले. "पान."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, डॉक्टरांना मोकळे झाले की सांगा, पुस्तिकावाले आलेत. आम्ही बाकावर बसलो. भाऊजींचे ओठ हलत होते, पाठ केलेलं घोकत असणार.

डॉक्टर बाहेर आले, आम्हाला आत नेलं, हात धुऊन पुसले आणि पुस्तिका घेतली. पिना पाहिल्याच नाहीत. थेट शेवटचं पान उघडलं.

"ही माझी नाही," ते म्हणाले. "अदलाबदल झालीय."

"तुमचीच आहे," भाऊजी म्हणाले. "मी पुसलं."

घोकलेलं सगळं गेलं, दोन शब्द राहिले. डॉक्टर उभेच होते. त्यांनी पान उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

"का?"

"मळलं होतं."

"मळलं नव्हतं. आम्ही लिहिलं होतं."

डॉक्टर चिडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीशी गेले, रोग्याच्या तोंडावर धरतात तो दिवा त्यांनी लावला आणि पुस्तिका त्याच्याखाली धरली. काही उरलंय का ते बघायला असेल. समोरून उजेड पडला तेव्हा पान कोरंच दिसलं. भाऊजी पुढे झाले.

"तिरका करा," ते म्हणाले. "उजेड तिरका करा. ताव असा बघायचा नसतो."

डॉक्टरांनी दिवा खाली ओढून आडवा केला. पानावर खळगे दिसायला लागले. लहान पोरं पेन्सिल दाबून लिहितात, तसं दाबलेलं. शिसं गेलं होतं, दाब राहिला होता. मी चष्मा वर करून पाहिलं, मलाही एक ओळ लागली. 'तिसऱ्या गुहेत उजवीकडे जायचं नाही.' तिच्याखाली वेगळ्या वळणाचं, 'मी जाणार.'

डॉक्टर खाली बसले. "हा 'मी जाणार' मी आहे," ते म्हणाले. मग टेबलाच्या खणातून त्यांनी एक पेन्सिल काढली आणि भाऊजींपुढे धरली. "गिरवा. तुमचा हात स्थिर आहे. खाच आहे तिथूनच न्यायची पेन्सिल. उद्या मी फोटो काढतो, तिला पाठवतो. तिला काही कळणार नाही."

भाऊजींनी पेन्सिल घेतली नाही.

"घ्या ना."

"सगळं दिसत नाहीये, डॉक्टर. इथे आहे, इथे आहे, मधे दोन-तीन ओळी नुसत्या रेघा आहेत. मी जरा जास्तच घासलंय तिथे. त्या जागी मी जे लिहीन ते कुणाचं म्हणायचं?"

"मी आठवून सांगतो."

"आठवतंय?"

डॉक्टरांनी त्या रिकाम्या रेघांवर बोट ठेवलं. "नाही," म्हणाले. "तिला आठवत असेल कदाचित."

"मग तिला विचारा. मी त्या पानावर लिहिणार नाही. एकदा न विचारता हात लावला, तेवढं पुरे."

"म्हणजे तिला मी कोरं पान पाठवू?"

डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. मदतनीस बाई दारात येऊन परत गेल्या. खरं सांगायचं तर मला वाटलं, गिरवून मोकळे व्हावं. वाढदिवस साजरा होईल, कुणाचं नुकसान नाही. मी मनात देवाचं नाव घेतलं. माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

भाऊजींनी पिशवीतला एक पुठ्ठा काढून पानाखाली सरकवला, म्हणजे पान ताठ राहील. दिव्याची मान आणखी खाली घेतली. मग डोळा पानाच्या कडेला इतका जवळ नेला की नाक कागदाला लागतंय की काय असं वाटलं, आणि तसेच वाकून त्यांनी डॉक्टरांकडे एक कोरा कागद मागितला. डॉक्टरांनी औषधं लिहून द्यायच्या पॅडचा कागद फाडून दिला, वर दवाखान्याचं नाव छापलेलं. भाऊजींनी तो हातात घेतलाच नाही, मला द्या असं मानेनेच खुणावलं.

"वहिनी, तुम्ही लिहा," ते म्हणाले. "मी वाचतो तसं, शब्दाला शब्द. चुकीचं असलं तर चुकीचंच. जिथे दिसत नाही तिथे जागा सोडा, ती डॉक्टरांची बहीण भरेल. आणि मी अंदाजाने काही बोलायला लागलो, तर मला तिथेच थांबवा."